शॉर्ट सर्किटपासून सुरू होणारा लोड: १० किलोव्होल्टचा कपॅसिटर-चार्जर पहिल्यांदा बनवताना

मुतखडा फोडायचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल, निदान नात्यातल्या कोणावर तरी वापरलेलं ऐकलं असेल. १९८० साली म्युनिकमध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. त्यात पाण्याखाली दोन टोकांमध्ये ठिणगी पाडतात आणि तिची धक्कालहर शरीरातून जाऊन खड्यावर केंद्रित होते. ठिणगी मायक्रोसेकंदांत संपते. तिच्यासाठी लागणारी ऊर्जा मात्र एखादा पॉवर सप्लाय आधी शांतपणे कपॅसिटरमध्ये साठवत असतो. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या लिनॅक यंत्रातला मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्हचे ठोके देणारी नळी) असाच चालतो. मुंबईच्या 'समीर' संस्थेने अशी यंत्रं देशात बनवली आहेत. कॅमेऱ्याचा फ्लॅश हा याच घराण्यातला सगळ्यात लहान भाऊ.

हा लेख त्या साठवणाऱ्या भागाबद्दल आहे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची तोंडओळख असलेल्या, पण हाय व्होल्टेजला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी तो लिहितो आहे. नुसती तत्त्वं सांगून उपयोग नसतो, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू: पाण्यातल्या ठिणगीचा प्रयोगशाळेतला संच, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० किलोव्होल्ट, सेकंदाला १० ठिणग्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. तुम्ही आजवर केलेल्या सप्लायचा लोड साधारण स्थिर असतो: १२ व्होल्ट, २ अँपिअर, संपलं. इथे तसं नाही. ठिणगी पडली की कपॅसिटर रिकामा होतो, आणि रिकामा कपॅसिटर म्हणजे सप्लायच्या दृष्टीने शॉर्ट सर्किट. सेकंदातून दहा वेळा तुमचा सप्लाय शॉर्ट सर्किटपासून सुरुवात करतो आणि दहा वेळा पूर्ण व्होल्टेजपर्यंत चढतो. त्यामुळे शॉर्ट सर्किटला तो घाबरला नाही पाहिजे, ते त्याचं रोजचं काम आहे. पुढचा प्रत्येक निर्णय यातूनच निघतो.

आधी डिस्चार्जची व्यवस्था, मग बाकी सगळं

१० किलोव्होल्टला १ मायक्रोफॅरडमध्ये ५० ज्यूल असतात. हा धक्का जीव घेऊ शकतो. मेनचा धक्का बसला तर निदान आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) मध्ये येण्याची शक्यता असते. कपॅसिटर आणि तुमच्यामध्ये तसं कोणी येत नाही. म्हणून पहिला सुटा भाग विकत घेण्याआधी कपॅसिटर रिकामा करायच्या तीन स्वतंत्र वाटा कागदावर काढा.

पहिली वाट म्हणजे कायम जोडलेला ब्लीडर. १० मेगओहम ठेवला तर टाइम कॉन्स्टंट १० सेकंद आणि पूर्ण व्होल्टेजला १० वॅट उष्णता. हा ब्लीडर एकाच रेझिस्टरचा करू नका, कारण रेझिस्टरला वॅटइतकीच व्होल्टची मर्यादा असते आणि ती नवे लोक हमखास विसरतात. ४७० किलोओहमचे २ वॅटचे २२ रेझिस्टर ओळीने जोडा: एकेकावर ४५५ व्होल्ट, जेमतेम ०.४४ वॅट.

दुसरी वाट म्हणजे डंप रिले. वीज गेली, दार उघडलं किंवा इमर्जन्सी बटण दाबलं की त्याचा संपर्क आपोआप मिटला पाहिजे, म्हणजे कॉइलला वीज असेल तेव्हाच तो उघडा राहील. त्याच्याबरोबर ५ किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टर. सुरुवातीला २ अँपिअर वाहतात आणि २५ मिलिसेकंदांत व्होल्टेज शंभराच्या खाली येतं.

तिसरी वाट तुमच्या हातातली: लांब इन्सुलेटेड दांडा, टोकाला हूक, हुकापासून जाड वायर थेट अर्थिंगला. आधी रेझिस्टर असलेला दांडा लावायचा, मग थेट शॉर्ट करणारा, आणि काम संपेपर्यंत हूक तिथेच लटकत ठेवायचा. उचलायचा नाही, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोड्या वेळाने डायलेक्ट्रिकमधल्या उरलेल्या चार्जमुळे आपणहून पुन्हा भरतो. बाजूला काढून ठेवलेल्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना कायम तार बांधलेली असते, ती याच कारणाने.

आणि एकट्याने काम करायचं नाही. खोलीत दुसरा माणूस हवा, आणि मेनचा स्विच कुठे आहे हे त्याला माहीत हवं.

पायरी १: वॅट नंतर, आधी कूलोम

५० ज्यूल दहा वेळा, म्हणजे सरासरी ५०० वॅट. हा आकडा बघून ५०० वॅटचा सप्लाय काढायला बसलात तर फसाल.

१०० मिलिसेकंदांतले सगळे भरायला मिळत नाहीत. भरलेला कपॅसिटर पाण्यातल्या टोकांना जोडणारा स्विच म्हणजे स्पार्क गॅप; ठिणगी पडल्यावर त्याच्यातला तापलेला वायू विझायला वेळ हवा. त्या वेळात सप्लायने करंट ढकलला तर गॅप पेटलेलाच राहतो आणि कपॅसिटर भरतच नाही. वर थोडा वेळ राखीवही हवा. म्हणून भरायला ८० मिलिसेकंद धरू.

चार्ज किती? १ मायक्रोफॅरड गुणिले १०,००० व्होल्ट, म्हणजे १० मिलिकूलोम. तो ८० मिलिसेकंदांत द्यायचा तर करंट १२५ मिलिअँपिअर. करंट स्थिर ठेवला की व्होल्टेज सरळ रेषेत चढतं, आणि शेवटच्या क्षणी सप्लाय १०,००० व्होल्टला १२५ मिलिअँपिअर देत असतो. म्हणजे १,२५० वॅट, सरासरीच्या अडीच पट. स्विच, ट्रान्सफॉर्मर, डायोड हे सगळं या आकड्यासाठी निवडायचं असतं. गरम होण्याचा हिशेब सरासरीवर, ताण सोसण्याचा शेवटच्या क्षणावर.

पायरी २: भरण्याची पद्धत

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे स्थिर डीसी सप्लाय आणि मध्ये एक रेझिस्टर. यात अर्धी ऊर्जा रेझिस्टरमध्ये जळते, आणि रेझिस्टर लहान घ्या किंवा मोठा, ही अर्धी काही वाचत नाही. आपल्या उदाहरणात ५०० वॅट नुसते उष्णतेत. मिनिटाला एक ठिणगी हवी असेल तर ही पद्धत उत्तम आहे, ती वापरा आणि उरलेला लेख सोडून द्या.

दुसरी पद्धत दुसऱ्या महायुद्धातल्या रडारांची: डीसी सप्लायमधून मोठा चोक आणि एक डायोड घालून कपॅसिटर भरायचा. चोक आणि कपॅसिटर यांच्या रेझोनन्समुळे व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे ५ किलोव्होल्टच्या सप्लायवर १० किलोव्होल्ट मिळतात, आणि ऊर्जाही फारशी वाया जात नाही. रडारला हाय व्होल्टेजचे ठोके देणाऱ्या लाइन-टाइप मॉड्युलेटरमध्ये ही पद्धत पुढेही टिकली. पण चोक जड, ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर जड, आणि दर ठिणगीला व्होल्टेज मेनबरोबर वरखाली होतं.

आपण तिसरी घेऊ: सिरीज रेझोनंट कन्व्हर्टर. मेन रेक्टिफाय करून डीसी करायचं, चार स्विचच्या ब्रिजने त्याचे उच्च वारंवारतेचे ठोके करायचे, एका लहान कपॅसिटर आणि इंडक्टरमधून ते ट्रान्सफॉर्मरला द्यायचे, पलीकडे रेक्टिफायर.

याचं मला कायम वाटणारं सौंदर्य असं. स्विचिंगची वारंवारता रेझोनन्सच्या निम्म्याहून कमी ठेवली, तर प्रत्येक ठोक्यात पलीकडे जाणारा चार्ज ठरलेला असतो: ४ गुणिले रेझोनंट कपॅसिटर गुणिले डीसी व्होल्टेज. आउटपुट शून्यावर असो की नऊ हजारांवर, चार्ज तेवढाच. रांजण तांब्याने भरतो तसं आहे हे. रांजण रिकामा असो वा काठोकाठ आलेला, तांब्यात पाणी तेवढंच बसतं. आउटपुट शॉर्ट असतानाही तांब्या मोठा होत नाही, म्हणून कन्व्हर्टरला कसलीही इजा होत नाही. आपल्या लोडला नेमकं हेच हवं होतं.

एका पूर्ण आवर्तनात दोन ठोके बसतात, म्हणून प्रायमरीचा सरासरी करंट = ८ × रेझोनंट कपॅसिटर × डीसी व्होल्टेज × स्विचिंग वारंवारता. हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी ३: आकडे भरू

२३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट. पण ३२५ धरून डिझाइन करू नका. १,००० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर असेल तर भरण्याच्या अखेरीला चाळीसेक व्होल्टचा रिपल येतो. मी २८० धरतो.

ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर: आउटपुटचे १० किलोव्होल्ट प्रायमरीकडून बघितले तर डीसीपेक्षा कमी दिसले पाहिजेत, नाहीतर तांब्या उपडाच होत नाही. १:४५ घेतलं तर १०,००० चे २२२ व्होल्ट दिसतात. मेन उतरला तरी जागा राहते. गावाकडे संध्याकाळी १७० व्होल्ट येत असतील तर शिखर २४० होतं आणि रिपल धरला की ही जागा उरतच नाही. तिथे १:५५ घ्या किंवा मेनच्या बाजूला पीएफसी (मेनमधून करंट सुरळीत घेऊन डीसी स्थिर ठेवणारा भाग) लावा.

पलीकडे १२५ मिलिअँपिअर म्हणजे अलीकडे ५.६ अँपिअर. ४० किलोहर्ट्झ स्विचिंग धरून वरच्या सूत्रातून रेझोनंट कपॅसिटर ६३ नॅनोफॅरड येतो. बाजारात ६८ मिळतो, तोच घ्या. मग आउटपुटला १३५ मिलिअँपिअर मिळतात आणि कपॅसिटर ७४ मिलिसेकंदांत भरतो.

रेझोनन्स ८० किलोहर्ट्झच्या वर हवा, १०० ठेवू. त्यासाठी ३७ मायक्रोहेन्री लागतात. ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्स यातलाच हिस्सा असतो, म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर गुंडाळा, लीकेज मोजा, आणि उरलेल्याचाच चोक करा. उलटा क्रम केलात तर चोक दोनदा करावा लागेल.

शिखर करंट भरण्याच्या शेवटी २१ ते २५ अँपिअर, मेन किती चढलाय त्यावर. ब्रिजच्या स्विचसाठी ६०० व्होल्ट, ४० अँपिअरचे आयजीबीटी (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) पुरतात. ते शून्य करंटला सुरू होतात आणि आतला डायोड वाहत असताना बंद होतात, म्हणून थंड राहतात. अट एकच: गेटचा ठोका ५ मायक्रोसेकंदांपेक्षा मोठा आणि १० पेक्षा लहान हवा. मी ७ ठेवतो. ठोक्याची रुंदी कायम, फक्त दोन ठोक्यांमधलं अंतर बदलायचं. रेझोनंट कपॅसिटरवर डीसीच्या दुप्पट, म्हणजे मेन चढलेला असताना ७०० व्होल्टच्या वर येतात, आणि त्यातून सगळा करंट जातो. पॉलिप्रॉपिलीनचा, १,६०० व्होल्टचा घ्या. पॉलिस्टरचा घेतलात तर तो काही मिनिटांत फुगेल.

पायरी ४: ट्रान्सफॉर्मर, जिथे खरं डिझाइन आहे

इथे थांबून वाचा. आत्तापर्यंतचं सगळं गणित कागदावर बरोबर येतं. संच चालतो की नाही हे मात्र वाइंडिंगवर ठरतं.

कोअर ८४० चौरस मिलिमीटर छेदाचा फेराइट यू-कोअर घेऊ. १.२५ किलोवॅटला तो मोठा वाटेल, पण त्याच्या खिडकीत तांब्याच्या तारेपेक्षा इन्सुलेशन जास्त बसवायचं आहे. प्रायमरी १२ टर्न, सेकंडरी ५४० टर्न. फ्लक्स ०.१४ टेस्लाच्या आसपास राहतो, फेराइटला निवांत.

आता ५४० टर्न एका बॉबिनवर थरावर थर असे गुंडाळले तर काय होतं? प्रत्येक थर शेजारच्या थराबरोबर छोटासा कपॅसिटर बनवतो. सगळे मिळून समजा २० पिकोफॅरड झाले. २० पिको म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण प्रायमरीकडून बघताना तो आकडा गुणोत्तराच्या वर्गाने गुणला जातो: ४५ चा वर्ग २,०२५, गुणिले २० पिको, म्हणजे सुमारे ४० नॅनोफॅरड. आपला मुद्दाम निवडलेला रेझोनंट कपॅसिटर ६८ नॅनोचा आहे, आणि त्याच्या निम्म्याहून मोठा एक बिनबोलावलेला कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या पोटात येऊन बसला. दर ठोक्याला सेकंडरीचं व्होल्टेज उलटतं, तेव्हा आधी याला उलटवावं लागतं. १० किलोव्होल्टजवळ तांब्यातलं जवळजवळ पाव पाणी त्यातच जातं.

माझा पहिला चार्जर ७ किलोव्होल्टपर्यंत सरळ चढायचा आणि मग रेंगाळायचा. मी तीन आठवडे कंट्रोल सर्किटमध्ये दोष शोधला. फीडबॅक बदलला, ड्रायव्हर बदलला. शेवटी सेकंडरी काढून वेगळ्या पद्धतीने गुंडाळली आणि त्याच संध्याकाळी १० किलोव्होल्ट मिळाले. चढणारी रेषा वर जाताना वाकायला लागली तर सर्किटला हात लावण्याआधी वाइंडिंगकडे बघा.

उपाय असा. सेकंडरीचे चार स्वतंत्र भाग करा, प्रत्येकी १३५ टर्न, बॉबिनवर मध्ये भिंती असलेल्या चार खाचांमध्ये. प्रत्येक भागाला स्वतःचा ब्रिज रेक्टिफायर, आणि चारही ब्रिजचे डीसी एकावर एक जोडायचे. प्रत्येक भागात आता फक्त २.५ किलोव्होल्ट उलटसुलट होतात. वरच्या भागांवर जे जास्तीचं व्होल्टेज असतं ते डीसी असतं, ते हलत नाही. प्रत्येक भागात २० पिकोच धरले तरी प्रायमरीकडून एकूण १० नॅनो दिसतात, चाळीसऐवजी. शिवाय खाचेत गुंडाळल्याने ते २० सुद्धा कमी होतात.

गुंडाळताना हिशेब ठेवा: दर टर्नला १८.५ व्होल्ट. एका थरात १५ टर्न असतील तर थराला २७८ व्होल्ट, आणि जाऊन-येऊन गुंडाळलं की दोन थरांच्या एका टोकाला ५५६ व्होल्ट समोरासमोर येतात. एनॅमलवर विसंबू नका. प्रत्येक थरानंतर पॉलिस्टर फिल्म, आणि फिल्म दोन्ही कडांना वायरच्या पुढे गेलेली हवी. प्रायमरी आणि सगळ्यात वरच्या भागात पूर्ण १० किलोव्होल्टचं अंतर असतं, त्यासाठी जाड नळीसारखा वेगळा फॉर्मर घ्या. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडून गुंडाळून घेणार असाल तर शेजारी बसून घ्या. त्याचा हात तुमच्यापेक्षा सफाईदार असतो, पण या थरांमधल्या व्होल्टचा हिशेब त्याच्या रोजच्या कामात येत नाही.

शेवटी व्हॅक्यूममध्ये वॉर्निश किंवा ट्रान्सफॉर्मर ऑइल. हवेचा बुडबुडा आत राहिला तर त्यात सूक्ष्म डिस्चार्ज सुरू होतात आणि काही महिन्यांनी इन्सुलेशन पोखरलं जातं. तेव्हा कोणाला कारण आठवत नाही.

पायरी ५: डायोड

१एन४००७ लावू नका. तो स्वस्त आहे, हजार व्होल्टचा आहे, सगळीकडे मिळतो, पण ५० हर्ट्झसाठी आहे. बंद व्हायला त्याला कित्येक मायक्रोसेकंद लागतात आणि आपल्या करंटचा अर्धा साइन अवघ्या ५ मायक्रोसेकंदांचा आहे. यूएफ४००७ घ्या, तो ७५ नॅनोसेकंदांत बंद होतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, दिसायला मात्र अगदी १एन४००७ सारखाच, म्हणून अंगावरचा छापील नंबर वाचूनच पैसे द्या. प्रत्येक भागाच्या ब्रिजच्या प्रत्येक हाताला पाच, म्हणजे एकूण ८०. सगळे एकाच रिळातले.

पायरी ६: ठिणगी परत येते तेव्हा

नव्या माणसाचं लक्ष कपॅसिटर भरण्यावर असतं. सप्लाय मरतो तो रिकामा होताना.

डिस्चार्जच्या वाटेतला इंडक्टन्स १ मायक्रोहेन्री धरा. एखादा मीटर वायर म्हणजे तेवढा झालाच. १० किलोव्होल्ट, १ मायक्रोफॅरड आणि १ मायक्रोहेन्री: शिखर करंट १०,००० अँपिअरच्या घरात. सप्लाय देतो ०.१३५. शिवाय हा करंट थांबत नाही, झोका घेतो, आणि कपॅसिटर उलट्या दिशेने भरतो. उलटा भरलेला कपॅसिटर तुमच्या रेक्टिफायरला सरळ दिसतो. सगळे डायोड एका रांगेत वाहायला लागतात आणि क्षणात शॉर्ट होतात. एकेक डायोड तपासून बाद करताना हे कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

म्हणून सप्लाय आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक रेझिस्टर हवाच. २२० ओहम घ्या. व्होल्टेज ६० टक्के उलटलं तरी ६,००० भागिले २२०, म्हणजे २७ अँपिअर. यूएफ४००७ ची एकवेळच्या सर्जची मर्यादा ३० आहे. झोका यापेक्षा मोठा असेल तर रेझिस्टरही वाढवा. भरताना यात अखेरीला १० वॅटच्या आसपास जळतात, पण रेझिस्टर ५० वॅटचा, वायरवाउंड घ्या. सप्लायच्या टोकाशी कधी शॉर्ट झालाच तर कपॅसिटरचे सगळे ५० ज्यूल यालाच गिळायचे आहेत. फिल्म रेझिस्टर पहिल्याच वेळी फुटतो.

दुसरा धोका अर्थिंगचा, आणि तो जास्त फसवा. ठिणगीच्या पहिल्या क्षणी करंट दर सेकंदाला १० अब्ज अँपिअर या वेगाने वाढत असतो. १० सेंटिमीटर वायरला साधारण ०.१ मायक्रोहेन्री असतात. दोन्हींचा गुणाकार करा: १,००० व्होल्ट. ज्या तारेला आपण 'अर्थ' म्हणतो तिच्या वीतभराहून कमी लांबीवर हजार व्होल्ट! तुमच्या कंट्रोल बोर्डचा शून्य व्होल्ट त्या वाटेवर कुठेही जोडला असेल तर मायक्रोकंट्रोलर त्याच ठिणगीला जातो.

म्हणून डिस्चार्जचं वर्तुळ स्वतंत्र ठेवा: कपॅसिटर, स्पार्क गॅप, लोड, आणि परत कपॅसिटर, रुंद तांब्याच्या पट्टीने, जितकं आखूड जमेल तितकं. या वर्तुळाला अर्थिंग एकाच बिंदूवर, आणि सप्लायची परतीची तारही त्याच बिंदूवर. म्हणजे तो प्रचंड करंट कोणत्याही सामायिक तारेतून जात नाही. ठिणगीचा ट्रिगर आणि सप्लाय थांबवणारा सिग्नल, दोन्ही ऑप्टिकल फायबरने न्या. खर्च थोडा वाढतो, डोकेदुखी बरीच कमी होते.

ट्रिगर देण्याच्या आधीच सप्लाय थांबला पाहिजे आणि नंतर काही मिलिसेकंद गप्प राहिला पाहिजे. पायरी १ मधला राखीव वेळ यासाठीच होता.

पायरी ७: मोजणं आणि थांबणं

व्होल्टेज मोजायला दोन रेझिस्टरचा डिव्हायडर, १०० मेगओहम वर, १०० किलोओहम खाली: १० किलोव्होल्टला १० व्होल्ट मिळतात. वरचा रेझिस्टर हाय व्होल्टेजसाठीच बनवलेला घ्या. कंपॅरेटरने ठरलेलं व्होल्टेज आलं की ठोके बंद करायचे, इतकं सोपं नियंत्रण पुरतं. एका ठोक्याला आउटपुटला १.७ मायक्रोकूलोम जातात, म्हणजे १ मायक्रोफॅरडवर १.७ व्होल्ट. दहा हजारांत पावणेदोन व्होल्टची अचूकता, काही विशेष न करता.

पण एक प्रश्न विचारा: डिव्हायडरची तार सुटली तर? सप्लायला वाटेल की कपॅसिटर रिकामाच आहे, आणि तो भरत राहील. प्रायमरीकडून दिसणारं व्होल्टेज डीसीइतकं होईपर्यंत, म्हणजे ३२५ गुणिले ४५, साडेचौदा हजार. मेन चढलेला असेल तर सोळा हजार. कपॅसिटर फुटेल. म्हणून दुसरा, पूर्णपणे वेगळा डिव्हायडर आणि १०.५ किलोव्होल्टला लॅच होणारा (एकदा लागला की लागलेलाच राहणारा) ट्रिप हवा, शिवाय वेळेची मर्यादा: १२० मिलिसेकंदांत व्होल्टेज आलं नाही तर थांब. या तीन ओळींच्या लॉजिकने माझे दोन कपॅसिटर वाचवले आहेत.

पायरी ८: अंतरं, आणि पावसाळा

कोरड्या हवेत, गुळगुळीत गोलांमध्ये, एका मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्ट लागतात. या आकड्यावर डिझाइन करू नका. सोल्डरचा एक टोकदार काटा राहिला तर त्याच्या टोकाशी हवा कितीतरी आधी फुटते. १० किलोव्होल्टला हवेत मी किमान १५ मिलिमीटर सोडतो, आणि पृष्ठभागावरून ४० ते ५०. बोर्डवर जागा नसेल तर दोन बिंदूंमध्ये लांब चीर पाडा. सोल्डरचे सांधे गोल मण्यासारखे करा.

कोकणात किंवा मुंबईत काम करणार असाल तर जुलै महिना हीच तुमची खरी चाचणी. दमट हवेपेक्षा दमट धूळ वाईट, आणि समुद्रकाठची खारट धूळ त्याहून वाईट. पृष्ठभागावर तिची वाहणारी वाट तयार होते आणि एकदा काळी रेघ उमटली की तो बोर्ड टाकावा लागतो. मे महिन्यात बिनतक्रार चाललेला संच पावसाळ्यात ८ किलोव्होल्टला तडतडायला लागला तर आश्चर्य मानू नका. सगळा हाय व्होल्टेज भाग तेलात किंवा सिलिकॉन पॉटिंगमध्ये ठेवणं हा पक्का उपाय.

पायरी ९: सुरू करण्याचा क्रम

घाई इथेच होते, म्हणून क्रम मोडू नका.

आधी कपॅसिटर जोडूच नका. आउटपुट जाड तारेने शॉर्ट करा. मेनच्या जागी ३० व्होल्टचा बेंच सप्लाय लावा आणि प्रायमरीचा करंट ऑसिलोस्कोपवर बघा: स्वच्छ अर्ध्या साइनचे ठोके, मागे उलटा अर्धा, मग थोडी शांतता. शांतता दिसत नसेल तर रेझोनन्स खाली आला आहे, इंडक्टन्स कमी करा. दुसऱ्या कोणत्याही सप्लायची चाचणी शॉर्ट सर्किटने सुरू होत नाही, याची होते.

मग व्हेरिअ‍ॅक (मेनचं व्होल्टेज हाताने कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर), आणि मेनच्या ओळीत १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. काही चुकलं असेल तर बल्ब उजळेल, आयजीबीटी वाचेल. आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड लावून १ किलोव्होल्टपर्यंत एकच भरण करा. हाय व्होल्टेजचा १,०००:१ प्रोब वापरा. साधा १०:१ प्रोब या खोलीतच ठेवू नका. पडद्यावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेषा दिसली पाहिजे. यानंतर डंप रिले सोडून बघा, ब्लीडरने किती वेळ लागतो तो मोजा, तार मुद्दाम काढून ट्रिप लागतो का बघा. हे सगळं १ किलोव्होल्टला करायचं, दहाला नाही.

मग खरा कपॅसिटर, आणि दर वेळी २ किलोव्होल्ट वाढवत जा. ६ किलोव्होल्टच्या पुढे खोलीतले दिवे बंद करून डोळे अंधाराला सरावू द्या आणि सुरक्षित अंतरावरून बघा. जिथे जांभळट निळी झाक दिसेल, सापासारखा फुत्कार ऐकू येईल किंवा ओझोनचा तिखट वास येईल, तो सांधा उद्या दुरुस्त करायचा.

१० हर्ट्झला आलात की प्रयोगशाळेतले दिवे लुकलुकायला लागतील, कारण सप्लाय मेनमधून दर भरणीत शून्यापासून चढत जाणारी पॉवर घेतो. डोळा सगळ्यात जास्त संवेदनशील असतो तो ८.८ हर्ट्झच्या लुकलुकीला, आणि आपण नेमके तिच्या शेजारी आहोत. स्वतंत्र लाइन घ्या, किंवा फिल्टर कपॅसिटरच्या आधी पीएफसी लावा.

शेवटची चाचणी एक तासाची: सलग ३६,००० ठिणग्या. दर दहा मिनिटांनी भरायला लागलेला वेळ वहीत लिहा. तास संपला की बंद करा, डंप रिलेचा 'टक्' आवाज ऐका, दांडा लावा, हूक लटकवा, आणि मगच हात आत घालून बघा काय गरम झालंय. संरक्षक रेझिस्टर गरम असेल तर ठीक आहे. डायोडची एखादी ओळ बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिच्यातला एक कमजोर आहे, पाचही बदला. कोअर गार आणि सेकंडरीची एकच खाच गरम असेल, तर त्या खाचेतल्या थरांमधली फिल्म कुठेतरी सरकली आहे; ती खाच उकलून पुन्हा गुंडाळा, आणि तास पहिल्यापासून मोजा.